गौरी-गणपती, पुढे ढकललेली पाळी आणि वाढलेली साखर
‘ती आणि मधुमेह’ : भाग ११

आज रक्ताच्या गुठळ्यांबद्दल सविस्तर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण कराडहून एका ताईंचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये.

ताईंना सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिनवर साखर चांगली राहते. घरी गौरी बसतात. सासूबाई थकल्या, त्यामुळे सगळं सोवळं आता यांच्याकडे. यंदा पाळीची तारीख नेमकी गौरीजेवणाला येत होती. मग औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आल्या आणि सकाळ-दुपार-रात्र अशा दहा दिवस घेतल्या गेल्या. एरवी ११५-१२०च्या आसपास असणारी उपाशीपोटीची साखर १५०-१६०वर गेली. सगळ्यांनी निदान केलं, ‘मोदक!’ त्यावर ताई लिहितात, ‘मोदक मी एकच खाल्ला. मग साखर कशानं वाढली? आणि तुम्ही गर्भनिरोधक गोळ्यांवर लिहिताय, त्यात माझी ही गोळी मोडते का?’

सोबत त्यांनी साखरेच्या वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवलाय. निळ्या शाईत उपाशीपोटीची, लाल शाईत जेवणानंतरची आणि समासात बारीक अक्षरात शेरे : ‘हरतालिका, उपास’, ‘जागरण’, ‘पुरणपोळी अर्धी’. रुग्णांनी अशा वह्या ठेवल्या तर आम्हा डॉक्टरांचं अर्धं काम होईल. ही वही समोर ठेवूनच आजचा लेख लिहितोय.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. होय, ही गोळी याच कुळातली आहे. तिचं नाव नॉरएथिस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हे कृत्रिम संप्रेरक, म्हणजे प्रोजेस्टिन, १९५०च्या सुमारास तयार झालं आणि पुढे कितीतरी गर्भनिरोधक गोळ्यांत वापरलं गेलं. फक्त प्रोजेस्टिन असलेली ‘मिनिपिल’ म्हणून रोज घ्यायच्या गोळीत ते ३५० मायक्रोग्रॅम असतं. पाळी पुढे ढकलायला दिलं जातं ते ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. म्हणजे दिवसाला १५ मिलिग्रॅम, मिनिपिलच्या चाळीस पटींहून जास्त! ‘चार दिवसांच्या तर गोळ्या, त्यांनी काय होतंय’ असं म्हणत शेजारणीकडून पट्टी मागून आणली जाते, तिच्यात एवढा ऐवज असतो.

एवढ्यावर भागत नाही. नॉरएथिस्टेरॉनचा अगदी थोडा अंश, शेकडा एकाहूनही कमी, शरीरात एथिनिल एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. नियमित वाचकांना हे नाव आठवत असेल, ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन ते हेच. मिनिपिलच्या मात्रेत हा अंश नगण्य ठरतो. पण दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन पोटात गेलं की तयार होणारं इस्ट्रोजेन २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गोळीइतकं भरतं. ‘माला-एन’च्या पांढऱ्या गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे ताई ते दहा दिवस जवळजवळ संयुक्त, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेल्या, गर्भनिरोधक गोळीवरच होत्या, शिवाय वर प्रोजेस्टिनचा मोठा डोस. आणि तरीही पाळी लांबवण्यासाठी अशा घेतलेल्या गोळ्यांवर गर्भनिरोधासाठी विसंबता येत नाही. तो बंदोबस्त वेगळाच ठेवावा लागतो.

आता साखर. प्रोजेस्टिनमुळे पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. तसं बायकांच्या शरीरात हे दर महिन्याला थोडंफार घडतच असतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन चढतं आणि पुष्कळ जणींना त्या दिवसांत इन्सुलिन थोडं वाढवावं लागतं. गरोदरपणात तर नाळेच्या संप्रेरकांमुळे टाइप १च्या बाईची इन्सुलिनची गरज शेवटच्या महिन्यांत दुपटीवरही जाते. पाळी पुढे ढकलणं म्हणजे हेच चढ्या साखरेचे दिवस हातानं लांबवणं.

मधुमेह नसलेल्या बाईचं स्वादुपिंड अशा वेळी गुपचूप जास्त इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर होती तिथेच राहते, तिला पत्ताही लागत नाही. टाइप १ मध्ये सोडायला इन्सुलिनच नसतं, म्हणून सगळा भार सुईतून घ्यायच्या युनिटांवर येतो. टाइप २ मध्ये स्वादुपिंडात किती दम उरलाय त्यावर सगळं अवलंबून. त्यामुळे एकच गोळी दोन जावांनी घेतली, तर एकीच्या ग्लुकोमीटरवर काही दिसणार नाही आणि दुसरीचा आकडा तीस-चाळीसनं वर जाईल.

ताईंच्या वहीकडे वळू. मोदकाची साखर लाल शाईत दिसायला हवी, जेवणानंतर दोन तासांनी. लाल आकडे वाढलेत, नाही असं नाही. पण निळे आकडे तिसऱ्या दिवसापासून चढलेत आणि रोज चढेच राहिलेत, अगदी ‘आज गोड नाही’ असा शेरा असलेल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळीसुद्धा. उपाशीपोटीची साखर मुख्यतः रात्रभर यकृत किती साखर सोडतं त्यावर ठरते आणि त्याला आवर घालणारं इन्सुलिन दुबळं पडलं की सकाळचा आकडा वाढतो. गोळ्या थांबवल्यावर पाळी आली आणि पुढच्या आठवड्याभरात निळे आकडे पुन्हा १२०च्या घरात आले. जागरणानंही इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि दगदग तर होतीच. तरी एवढा सरळ चढ आणि उतार बघता मला गोळीचा वाटा मोठा वाटतो. मोदकावरचा आळ बराचसा खोटा आहे.

दहा दिवस १६० राहिल्यानं ताईंचं काही बिघडलेलं नाही. तीन महिन्यांच्या साखरेवर, म्हणजे एचबीए१सीवर, याचा ठसा जेमतेम उमटेल. त्यांनी घाबरू नये.

मग गर्भनिरोधक गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या मधुमेही बाईचं काय? इथे मला साठ वर्षं मागे जावं लागेल. हा इतिहास माझ्या आवडीचा आहे आणि आजही दवाखान्यांत दिसणारी एक भीती त्यातूनच आली आहे.

अमेरिकेत १९६० साली ‘एनोव्हिड’ या गोळीला गर्भनिरोधासाठी परवानगी मिळाली. त्या गोळीत जवळजवळ १० मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल आणि १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल होतं. मेस्ट्रॅनॉलचं यकृतात एथिनिल एस्ट्रॅडिऑल होतं. तो हिशेब धरला तर आजच्या ‘माला-एन’च्या तिपटीहून अधिक इस्ट्रोजेन रोज पोटात जात होतं. लंडनमध्ये व्हिक्टर विन आणि त्यांचे सहकारी डोअर यांनी गोळी घेणाऱ्या स्त्रियांना ग्लुकोज देऊन रक्त तपासलं आणि १९६६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की गोळीमुळे ग्लुकोज पचवण्याची ताकद कमी होते. ते खरंच होतं. त्या मात्रांना दुसरं काय होणार?

विन तिथे थांबले नाहीत, याचं मला फार कौतुक आहे. मात्रा उतरत गेल्या तशा ते नव्या गोळ्या तपासत राहिले. १९९० साली इयन गॉड्सलँड यांच्याबरोबर त्यांचं नाव असलेला निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. वेगवेगळ्या गोळ्या घेणाऱ्या हजारावर निरोगी स्त्रियांची त्यात तपासणी होती. संयुक्त गोळ्यांनी ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही वाढत होतं, पण किती वाढणार हे प्रोजेस्टिन कोणतं आणि किती यावर ठरत होतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल साखरेला जड, डेसोजेस्ट्रेल हलकं. नुसत्या प्रोजेस्टिनच्या छोट्या गोळीनं फारसा फरक दिसला नाही. फक्त गरोदरपणात साखर आलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या आयांच्या बाबतीत या छोट्या गोळीला वेगळा इशारा आहे. लॉस एंजेलिसमधल्या लॅटिना मातांच्या १९९८च्या अभ्यासात अशा आयांमध्ये पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट निघालं होतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग मधुमेही बाईला डेसोजेस्ट्रेलची संयुक्त गोळीच बरी. इथेच गंमत आहे. साखरेला हलकी असलेली ही गोळी शिरांना जड आहे. युरोपीय औषध संस्थेनं २०१३ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे, गोळी न घेणाऱ्या १० हजार स्त्रियांत वर्षाला २ जणींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना, तर डेसोजेस्ट्रेलच्या संयुक्त गोळीवर ९ ते १२ जणींना. साखर पाच-दहानं चढली तर औषध वाढवून खाली आणता येते. फुप्फुसात गेलेल्या गुठळीला असा सोपा उतारा नाही. म्हणून ‘या गोळीनं साखर वाढेल का’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आधी रक्तवाहिन्या, डोळे, मूत्रपिंड आणि रक्तदाब कसे आहेत ते विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेचे निकषही तेच सांगतात. मधुमेह आहे पण डोळे, मूत्रपिंड, नसा, रक्तवाहिन्या शाबूत आहेत, तर संयुक्त गोळ्या सर्वसाधारणपणे चालतात. यांपैकी काही बिघडलंय किंवा मधुमेहाला वीस वर्षं उलटलीत, तर त्या टाळाव्यात. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शनही अशा बाईला शक्यतो नको. तांबी मात्र दोघींनाही बिनशर्त चालते, तिच्यात संप्रेरकच नाही.

डेन्व्हरच्या तज्ज्ञांनी टाइप १ असलेल्या ४३ गोळी घेणाऱ्या आणि ४३ न घेणाऱ्या तरुणींची तुलना १९९४ साली छापली. एचबीए१सी, डोळे, मूत्रपिंड, कशातच दोघींत फरक नव्हता. तरीही ‘शुगर आहे ना, मग गोळ्या नकोत’ हे वाक्य मी आजही ऐकतो, आणि त्यापुढे ‘मग काय वापरू’ याचं उत्तर कुणी देत नाही. बाई तशीच घरी जाते. एचबीए१सी १० असताना दिवस राहिले, तर बाळाचं हृदय आणि मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांत, बाईला पाळी चुकल्याचं नीट उमगायच्या आत, त्या साखरेत घडतात. शक्य झाल्यास एचबीए१सी ६.५च्या खाली आणून मगच गर्भधारणा होऊ द्यावी, १०च्या वर असताना तर मुळीच नको, असं मार्गदर्शन आहे. सहा महिने साखर सुधारायला हवे असतील तर ते सहा महिने भरवशाचं गर्भनिरोधन हवंच. गोळीनं वाढणाऱ्या चार-दोन आकड्यांपायी ते नाकारणं मला अन्यायाचं वाटतं.

परत गौरींकडे. पाळीत गौरीपुढे जायला हरकत नसावी, असं माझं स्वतःचं मत आहे. पण घर ताईंचं, श्रद्धा ताईंची, आणि पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा गोळ्या घ्यायचं ठरवलं तर त्यांना नीट घेता याव्यात. श्रावणातच आपल्या डॉक्टरांना भेटा. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर करून घ्या. रक्तदाब मोजा. पूर्वी कधी पायात गुठळी झाली असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल, धूम्रपान असेल, तर ते न विचारता सांगा. अशांना नॉरएथिस्टेरॉनऐवजी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देता येतात का, हे डॉक्टर बघतील. त्याचं एथिनिल एस्ट्रॅडिऑल होत नाही. दुकानात यातलं एकही विचारलं जात नाही, चिठ्ठीसुद्धा मागत नाहीत, याचा मला मनस्वी राग आहे. गोळ्या सुरू करण्याआधी तीन दिवस, घेताना रोज आणि थांबवल्यावर आठवडाभर सकाळची साखर बघा. इन्सुलिनवर असलेल्यांनी डोस किती वाढवायचा ते आधीच विचारून ठेवावं, आणि गोळ्या थांबल्या की तो उतरवायला विसरू नये, नाहीतर साखर एकदम खाली येते.

ज्या आधीपासून ‘माला-एन’वर आहेत त्यांना वेगळी गोळी लागतच नाही. एकवीस पांढऱ्या संपल्या की लोहाच्या सात गडद गोळ्या सोडून सरळ नवीन पट्टीची पांढरी गोळी सुरू करायची. पाळी पुढे जाते, डोस तोच राहतो.

पुढच्या वेळी गुठळ्या नक्की. पण ठाण्याच्या एका मुलीचा प्रश्न तोवर थांबण्यासारखा नाही. ती गर्भनिरोधक गोळी घेते आणि तिला मधुमेहासाठी टिरझेपाटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालंय. या औषधानं जठर सावकाश रिकामं होतं आणि तोंडानं घेतलेली गर्भनिरोधक गोळी कमी शोषली जाते. इंजेक्शन सुरू केल्यावर चार आठवडे, आणि नंतर प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे, सोबत निरोध वापरायचा, किंवा गोळी सोडून तांबीसारखा दुसरा उपाय करायचा. तिचा डोस येत्या सोमवारी वाढणार आहे.