फर्मवेअर अपडेटनंतर लॅपटॉप उशिरा सुरू होतो?

विंडोजला दोष देण्याआधी टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागात वर उजवीकडे दिसणारा ‘लास्ट बायोस टाइम’ पाहावा. ताबा विंडोजकडे जाण्यापूर्वी फर्मवेअरने घेतलेले हे सेकंद. तेच वाढले असतील, तर स्टार्टअप अ‍ॅप्स बंद करून फारसे काही साधत नाही. अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी नव्याने होऊ शकते आणि वेळ लागतो, हे खरे. पण उशीर रोजचाच झाला, तर अपडेटमुळे मूळपदावर गेलेली फर्मवेअरची सेटिंग्ज तपासावीत: ‘फास्ट बूट’ बंद, किंवा बूट क्रमात एसएसडीच्या आधी नेटवर्क. ड्राइव्ह कूटबद्ध करणारे बिटलॉकर चालू असेल, तर त्यांना हात लावण्यापूर्वी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की जवळ हवीच; बदलानंतर ती मागितली जाऊ शकते. जुने फर्मवेअर परत टाकल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्याही जाऊ शकतात, म्हणून तो शेवटचा उपाय.