ओळख व्यसनांची (भाग ६) : कर्ज फिटलं, सट्टा सुटला नाही

मागच्या भागात दारूबद्दल लिहिलं. दारूचा वास येतो, पाय लटपटतात, घराला लगेच कळतं. सट्टा लावणारा मात्र पानावर बसून नीट जेवतो, मुलाचा अभ्यास घेतो आणि मधूनच मोबाइलवर पुढच्या षटकाचा भाव बघतो. घरच्यांना पत्ता लागतो तो बहुतेक वेळा वसुलीवाल्याचा फोन आल्यावर.

नागपूरला हे नवं नाही. पानठेल्यावर सट्टापट्टी लिहिली जायची, पोळ्याच्या आसपास पत्त्यांचे डाव बसायचे, क्रिकेटच्या मोसमात लगवाडी-खायवाडी चालायची. पण पट्टी लावायला घरातून उठून जावं लागे आणि खिसा रिकामा झाला की डाव मोडे. मोबाइलने ही दोन्ही बंधनं काढून टाकली. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार दिली आणि पोलिसांनी गोंदियात एका बुकीच्या घरातून कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं जप्त केलं. चर्चा झाली ती आकड्याची. मला महत्त्वाची वाटते ती तक्रारीतली दुसरी गोष्ट : सुरुवातीला तो जिंकत होता. अशी सुरुवातीची जीत फार घातक असते. पुढे कितीही हार झाली तरी ‘एकदा आलं होतं, परत येईल’ हे डोक्यातून जात नाही.

गेलेले पैसे काढण्यासाठी पुन्हा लावणं, ही या आजाराची सगळ्यात ठळक खूण. हो, आजारच. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराला दारू आणि अमली पदार्थांच्या रांगेत बसवलं; जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आहे. प्राथमिक ओळखीसाठी डॉक्टर दोनच प्रश्न विचारतात. दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावीशी वाटते का? किती लावले, याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर तपासून घ्यावं.

आता घरच्यांसाठी. कर्ज कळलं की बाप एफडी मोडतो, आई पाटल्या काढून देते, पोरगा देवासमोर शपथ घेतो आणि गोष्ट चार भिंतींत दाबली जाते. यामागची माया मला कळते. पण उपचाराशिवाय फेडलेलं कर्ज त्याच्यासाठी नवं भांडवल ठरतं. काही महिन्यांनी तेच घर पुन्हा तिथंच उभं असतं, फक्त पाटल्या नसतात. त्यामुळे आधी दवाखाना, मग हिशेब. हिशेबाला बसताना त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट संस्थेकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि बँका, नोंदणीकृत लोन अ‍ॅप यांची लपवलेली कर्जं त्यात दिसतात. सावकार आणि मित्रांची उधारी त्यालाच विचारावी लागते. यूपीआय आणि एटीएम कार्ड काही काळ विश्वासू माणसाकडे राहू द्यावं, तेही त्याच्या संमतीने.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथं जायचं म्हणजे वेड लागलं, ही भीती सोडून द्या. उपचारात मुख्य भाग समुपदेशनाचा असतो. सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषधं मिळतात. गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. पोलिसांच्या धास्तीने अनेक जण गप्प बसतात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही.

कर्जाच्या ओझ्याखाली कुणी ‘मी नसलेलाच बरा’ असं बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि सकाळची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरचं माणूसही फोन करू शकतं.

पुढच्या भागात : झोपेच्या गोळ्या.