वर्गणी सहा रुपये, आगाऊ

३० सप्टेंबर १८७९ च्या संध्याकाळी मुंबईत गिरगाव बॅक रोडवरच्या १०८ क्रमांकाच्या घरी छापखान्यातून गठ्ठे येऊन पडले. एका नव्या इंग्रजी मासिकाच्या पहिल्या ४०० प्रती. दुसऱ्या दिवशी १ ऑक्टोबर, म्हणजे प्रकाशनाचा दिवस. घरातली झाडून सगळी माणसं वेष्टणं चिकटवायला, पत्ते लिहायला आणि टपाल टाकायला बसली. मासिकाचं नाव ‘द थिऑसॉफिस्ट’. नावाखालच्या लांबलचक ओळीत पौर्वात्य तत्त्वज्ञान, कला आणि साहित्य यांच्या जोडीनं गुप्तविद्या, मेस्मेरिझम, मृतात्म्यांशी संवाद आणि ‘इतर रहस्यशास्त्रं’ यांचं आश्वासन होतं. पण त्या दिवशी घरभर वास होता तो ओल्या शाईचा आणि खळीचा.

गूढविद्येच्या मासिकांचा इतिहास सांगताना लोक चमत्कारांपासून सुरुवात करतात. या मासिकाची गोष्ट मात्र वर्गणीदारांच्या वहीपासून सांगायला हवी. ती नीट राखली गेली म्हणून मासिक टिकलं. चमत्कारांनी तर त्याच्यावर बुडायची वेळ आणली होती.

मासिक काढणारी दोन माणसं त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला बोटीतून मुंबईत उतरली होती. एक हेलेना पेत्रोव्हना ब्लाव्हाट्स्की: रशियन सरदार घराण्यातली, सतत सिगारेट ओढणारी, संतापी आणि अफाट वाचलेली बाई. दुसरा कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट: अमेरिकन वकील, पत्रकार. यादवी युद्धाच्या काळात लष्करी कंत्राटांतले घोटाळे शोधून काढणं हे त्याचं काम होतं. या दोघांनी १८७५ मध्ये न्यू यॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली होती, आणि १८७७ मध्ये बाईंचा ‘आयसिस अनव्हेल्ड’ हा दोन खंडांचा ग्रंथ बाहेर पडला होता. ज्ञानाचं मूळ पूर्वेकडे आहे, असं म्हणत म्हणत ती दोघं एकदाची पूर्वेकडे आली. मुंबईचं पहिलं दर्शन मात्र व्यवहाराचंच घडलं. ज्या यजमानानं बंदरावर हार घातले, त्यानंच पुढे स्वागताच्या खर्चाचं बिल हाती ठेवलं. घोटाळे शोधण्यात मुरलेला कर्नल यातून काही शिकला नसता तरच नवल.

मासिकाची कल्पना निघाली तीही हात दुखू लागले म्हणून. देशभरातून पत्रं यायची, त्यांत तेच ते प्रश्न असायचे आणि उत्तरंही तीच ती लिहावी लागायची. त्यापेक्षा एकदाच छापून सगळ्यांना पाठवावीत, असं जुलै १८७९ मध्ये ठरलं. वर्गणीचा नियम ऑल्कॉटच्या स्वभावाला साजेसा होता. हिंदुस्थानात वर्षाला ६ रुपये, युरोप-अमेरिकेत १ पौंड. पैसे आल्याशिवाय नाव वहीत चढणार नाही आणि मुदत संपली की अंक बंद. उधारीवर चालणाऱ्या आणि वर्गणीदारांना गयावया करणाऱ्या त्या काळच्या नियतकालिकांच्या दुनियेत हा कडकपणा नवा होता. चौथ्या महिन्यापासून मासिक स्वतःच्या पायावर उभं राहिलं, असं ऑल्कॉटनं आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे.

पहिल्या अंकाच्या सुरुवातीच्या टिपणाचं शीर्षक होतं ‘नमस्ते’. ते शोभेपुरतं नव्हतं. याच अंकापासून स्वामी दयानंद सरस्वतींचं आत्मकथन क्रमशः येऊ लागलं. पुढच्या अंकांमधून काशीचे पंडित, सिलोनचे बौद्ध भिक्षू, पारशी अभ्यासक, बंगालचे तांत्रिक परंपरेचे जाणकार लिहू लागले. मद्रासचे वकील टी. सुब्बा राव यांनी बारा राशींच्या संस्कृत नावांचा गूढार्थ उलगडणारा लेख १८८१ मध्ये दिला, आणि त्या एका लेखामुळे ते या वर्तुळाचे मोठे आधार बनले. तोवर हिंदू किंवा बौद्ध विद्येविषयी इंग्रजीत लिहायचं ते बहुतेक करून युरोपातल्या प्राध्यापकांनी किंवा मिशनऱ्यांनी. इथला पंडित म्हणजे बहुधा त्यांना माहिती पुरवणारा. या मासिकानं त्याला लेखकाच्या जागी बसवलं, लेखाखाली त्याचं नाव छापलं, आणि लंडनचा वाचक पौंड मोजून ते वाचू लागला. माझ्या मते मासिकाची सगळ्यात मोठी करामत हीच, आणि तिला कुठल्याही सिद्धीची गरज लागली नव्हती.

अर्थात संपादकीण बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. लेख दुसऱ्याचा असला तरी तळटीप त्यांची असायची, आणि तळटिपेत त्या लेखकाशी बिनदिक्कत भांडायच्या. वर लेखक एक म्हणतोय, खाली संपादक दुसरंच. आज वाचताना या तळटिपांमधूनच त्या खोलीतला आवाज ऐकू येतो.

भांडणं तळटिपांपुरती राहिली नाहीत. वेद हाच अंतिम आधार मानणारे दयानंद आणि सगळ्याच धर्मांच्या मुळाशी एकच गुप्तज्ञान आहे असं मानणारी ही मंडळी यांचं फार काळ जमणं शक्य नव्हतं. १८८२ च्या मार्चमध्ये स्वामीजींनी मुंबईतच जाहीरपणे संबंध तोडले. ऑल्कॉटनं उत्तर दिलं ते मासिकाची खास पुरवणी काढून. सरकारला वेगळीच शंका होती: बाई रशियन, तेव्हा हेर असणार. म्हणून गिरगावातल्या या घरावर पोलिसांची पाळत असे.

मराठी वाचकाला या घरातला एक माणूस विशेष जवळचा वाटावा. दामोदर मावळंकर. जन्म १८५७, अहमदाबादचं सुखवस्तू कऱ्हाडे ब्राह्मण घराणं. ऑल्कॉटनं त्याचं पहिलं दर्शन मोठं गमतीदार रंगवलं आहे: पावसाळ्यातली संध्याकाळ, अंगात पांढरा रबरी कोट, कानांवर आलेली टोपी, हातात कंदील, नाकाच्या शेंड्यावरून ठिबकणारं पाणी आणि काडीसारखा किडकिडीत देह. ऑगस्ट १८७९ मध्ये तो सभासद झाला आणि लवकरच मासिकाचा व्यवस्थापकही. वर्गणीदारांचे हिशेब, टपाल, तक्रारी, मुद्रितं हे सगळं बिनपगारी. दिवसा काम आणि रात्रीही काम.

मे १८८० च्या अंकात दामोदरनं जातिभेदावर लेख लिहिला. आपण जात का सोडली, हे त्यात त्यानं स्वतःच्या नावानिशी सांगितलं. त्या काळी हे म्हणजे घराचं दार आपल्या हातानं बंद करून घेणं. वडील आधी सोसायटीत आले होते, तेही दुरावले. वडिलार्जित मालमत्तेवर पाणी सोडून तो कचेरीतच राहू लागला. या मासिकाच्या मुंबईकर पाठीराख्यांत तुकाराम तात्या पडवळही होते. ‘जातिभेद विवेकसार’ हे १८६१ चं पुस्तक त्यांचंच. त्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली होती. लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुखही सोसायटीचे उपाध्यक्ष होते. म्हणजे गिरगावातल्या त्या दिवाणखान्यात बसणारे लोक केवळ भुताखेतांच्या गप्पा ऐकायला येत नव्हते. समाजाची घडी बदलू पाहणाऱ्यांना जातीबाहेर बसायला एक सतरंजी तिथे मिळाली होती.

पण मासिकाची कीर्ती वाढली ती मात्र महात्म्यांमुळे. हिमालयापलीकडे राहणारे सिद्ध पुरुष बाईंना मार्गदर्शन करतात, त्यांची पत्रं कधी छतातून पडतात तर कधी उशीखाली सापडतात, असं सांगितलं जाऊ लागलं. अलाहाबादच्या ‘पायोनियर’चे संपादक ए. पी. सिनेट आणि पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम या पत्रांत गुंतले. त्यांतल्या शिकवणुकीवर आधारलेली लेखमाला १८८१ पासून मासिकात येऊ लागली. डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीचं आणि मासिकाचं बिऱ्हाड मद्रासजवळच्या अड्यारला, नदीकाठच्या मोठ्या बागेत हललं.

तिथेच घाव बसला, आणि तोही दुसऱ्या एका मासिकाकडून. सोसायटीच्याच घरात राहून कारभार पाहणाऱ्या कुलोम दांपत्याचं बिनसलं. त्यांनी ब्लाव्हाट्स्कीबाईंची म्हणून काही पत्रं मिशनऱ्यांच्या हाती दिली. सप्टेंबर १८८४ मध्ये ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझीन’नं ती छापली. चमत्कार म्हणजे हातचलाखी, असा त्यांचा मथितार्थ होता. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चनं रिचर्ड हॉजसनला चौकशीला धाडलं. डिसेंबर १८८५ च्या अहवालात बाई लबाड ठरल्या आणि दामोदर त्यांचा साथीदार. पत्रं बनावट आहेत, असं बाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. शंभर वर्षांनी, १८८५ च्या अहवालाची चिरफाड करणारा लेख त्याच लंडनच्या संस्थेच्या नियतकालिकात आला, हाही या गोष्टीचा भाग.

अहवाल छापून येईपर्यंत दोघंही अड्यारमध्ये नव्हती. बाईंनी मार्च १८८५ च्या शेवटी हिंदुस्थान सोडला तो कायमचा. दामोदर त्याआधीच, २३ फेब्रुवारीला मद्रासहून निघाला. कलकत्ता, दार्जिलिंग, मग सिक्कीम. एप्रिलमध्ये त्यानं हमालांना सामानासकट परत पाठवलं आणि तिबेटच्या दिशेनं एकटा पुढे गेला. वय अठ्ठावीसच्या आत-बाहेर. तो परतला नाही. बर्फात गोठून गेला म्हणणारे होते, गुरूंच्या आश्रमात पोचला म्हणणारेही होते. महात्म्यांच्या पत्रांवर जगभर वाद घालणारे पुष्कळ निघाले. घरदार सोडून त्यांचा पत्ता शोधायला निघाला तो मात्र हा हिशेब ठेवणारा व्यवस्थापक. तो लबाडीत सामील असता तर असा गेला असता का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मासिक मात्र बंद पडलं नाही. त्याला फाटे फुटले: १८८६ मध्ये न्यू यॉर्कला ‘द पाथ’, १८८७ मध्ये लंडनला बाईंचं ‘लुसिफर’. या नावाचा मूळ अर्थ प्रकाश आणणारा, पण लोकांना दचकवायला बाईंना आवडायचंच. मुंबईतही १९३० मध्ये वाडिया पतिपत्नींनी ‘द आर्यन पाथ’ सुरू केलं. ऑल्कॉटच्या मागे ‘द थिऑसॉफिस्ट’चं संपादन ॲनी बेझंट यांच्याकडे गेलं.

अड्यारहून ते आजही दर महिन्याला निघतं. चमत्कारांची पत्रं त्यात येत नाहीत. पण त्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, एप्रिलमध्येही नाही. नव्या खंडाचा पहिला अंक ऑक्टोबरचा असतो, कारण गिरगावात खळीनं बरबटलेल्या हातांनी पहिलं टपाल पडलं ते १ ऑक्टोबरला.