झाक ताती : विनोद आणि कर्ज

फ्रेंच दिग्दर्शक झाक ताती (१९०७-१९८२) याचे पूर्ण लांबीचे चित्रपट अवघे सहा. १९५८ च्या 'मों ओंक्ल'ला (आपल्या नात्याने 'माझा मामा') ऑस्कर मिळाले. त्यातला पाइपवाला, पुढे झुकून चालणारा उलो मामा आणखी दहा चित्रपट सहज चालवता! परंतु 'प्लेटाइम'मध्ये (१९६७) तातीने त्याला गर्दीत सोडून दिले. पॅरिसबाहेर काच-पोलादाचे नगरच उभारले. विनोद पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात घडतो, ते प्रेक्षकानेच शोधायचे. दाबलेल्या खुर्च्यांचे उसासेसुद्धा हसवतात. माझ्या मते हीच त्याची सर्वश्रेष्ठ कृती. पण प्रेक्षक फिरकले नाहीत. ताती कर्जात बुडाला, आधीच्या चित्रपटांचे हक्कही गमावून बसला. 'त्राफिक'साठी (१९७१) उलोला पुन्हा पुढे आणावे लागले. तो गमतीदार आहे, पण थकलेला वाटतो.