टोकियोचे वार्तापत्र : लहान घर आणि मागे राहिलेले कुलूप

टोकियो : जपानमध्ये खोलीचे माप तातामी चटयांत सांगतात. सहा चटयांची खोली म्हणजे जवळजवळ आपली दहा बाय दहा. सकाळी फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी, घडी घालून ओशिइरे नावाच्या खोल फडताळात जाते आणि मोकळ्या जागेत बुटके मेज येते. रात्री मेज भिंतीला लागते, गादी बाहेर येते. लालबाग-परळच्या चाळीत वळकटी गुंडाळून दिवस काढलेल्या कोकणातल्या नाटे-राजापूरच्या चाकरमान्याला यात नवल वाटायचे कारण नाही. जगाला मात्र या राहणीचे मोठे कौतुक आहे. कामो नो चोमेई या भिक्षूने 1212 साली दहा फुटी झोपडीतल्या आयुष्यावर लिहिले, ते जपानी लोक आजही वाचतात. आपल्या काळात हिदेको यामाशिता यांनी 'दानशारी' हा शब्द रुजवला. येणारे नाकारा, असलेले टाका, मोह सोडा, असा त्याचा अर्थ. मारी कोंदो यांची घर आवरण्याची पुस्तके तर देशोदेशी पोचली. हे सगळे खरे असले तरी अर्धेच आहे. लहान घरात गेल्याने आयुष्य साधे होते की नाही, हे मागे सोडलेल्या मोठ्या घराचा निकाल लागला की नाही यावर ठरते, आणि तिथे हा शिस्तीचा देश सपशेल अडकला आहे.

2023 च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये 90 लाख घरे रिकामी निघाली, एकूण घरांच्या 13.8 टक्के. तीस वर्षांत हा आकडा दुप्पट झाला. यातली सुमारे 38 लाख 50 हजार घरे ना भाड्याची, ना विक्रीची, ना सुटीत राहायची. ती नुसती पडून आहेत. मुले टोकियो-ओसाकाला गेली, आईवडील वारले, घराला कुलूप लागले. हे कुलूप तसेच राहायला करानेही हातभार लावला. घर उभे असेल तर खालच्या 200 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचे करपात्र मूल्य एक-षष्ठांश धरतात. घर पाडले की सवलत गेली, वर पाडण्याचा खर्च अंगावर. तेव्हा पडके का होईना, उभे राहू द्यावे, हाच हिशेब सोयीचा ठरला. 2015 पासून लागू झालेल्या कायद्याने धोकादायक घरांची सवलत काढण्याचा अधिकार पालिकांना दिला, आणि 2023 च्या दुरुस्तीने नुसत्या दुर्लक्षित घरांनाही त्या कक्षेत आणले. त्याहून मोलाचा बदल 1 एप्रिल 2024 चा. वारसनोंद आता सक्तीची आहे. तीन वर्षांत केली नाही तर एक लाख येनपर्यंत दंड. आजोबांच्या नावावरच राहिलेल्या जमिनींचे वारस शोधताना सरकार थकले होते. आता 'जिक्का-जिमाई', म्हणजे आईवडिलांचे घर रीतसर मिटवणे, हा जपानी कुटुंबांत उघड बोलण्याचा विषय झाला आहे. बुत्सुदान, म्हणजे घरातला पूर्वजांचा देव्हारा, हलवण्याआधी भिक्षूला बोलावून विधी करतात. निरोपाचीही रीत असते.

आपल्या कोकणात गावचे घर असे मिटवणे चालणार नाही, असे कोणी म्हणेल. आपल्या घरात देव आहेत, गणपती तिथेच बसतो, शिमग्याला पालखी तिथेच येते. शिवाय 2020 च्या टाळेबंदीत मुंबईकरांना याच घरांनी आधार दिला. दोन्ही गोष्टी मला पूर्ण मान्य आहेत. म्हणूनच घर पाडा वा विका असे मी म्हणत नाही. पण देवाला दिवा लावणारा एक माणूस लागतो, आणि आधार द्यायला छप्पर शाबूत लागते. मंगळुरी कौलांचे घर पावसाळ्यापूर्वी शाकारले नाही तर वासे कुजतात, चिऱ्याच्या भिंतीत ओल उतरते, वाळवी लागते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069 झाली. माणसे कमी आणि खोल्या तितक्याच, तर ओटी, माजघर आणि देवघर तेवढे राखून बाकीचे उतरवणे हा कमीपणा कसा?

दुसरा आक्षेप पैशाचा. जपानमध्ये लाकडी घराची किंमत वीस-तीस वर्षांत संपते, आपल्याकडे जागेचा भाव चढतो, मग घाई कशाला? पण सातबाऱ्यावर वीस नावे असतील तर चढलेला भाव कोणाच्याच हाती येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणी होते, पण सगळ्यांची संमती असली तरच. ती आज चार भावंडांची मिळवायची आहे. उद्या त्यांच्या शहरोशहरी विखुरलेल्या मुलांची मिळवावी लागेल. दर पिढीला हा गुंता वाढतोच.

यंदा गणपतीला घर उघडाल तेव्हा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आधीच काढून ठेवा. वारसनोंद राहिली असेल तर ती लावा. आणि घर कोणी सांभाळायचे, किती राखायचे, हा विषय वडीलधारी माणसे ओटीवर बसलेली असतानाच काढा.