चेहरा तोच, माणूस परका

"डॉक्टरसाहेब, हे माझे मालक नव्हेत. त्यांच्यासारखा दिसणारा दुसराच कुणी घरात येऊन राहिला आहे." उटनूरच्या माझ्या दवाखान्यात एका वृद्धेने हे शांतपणे सांगितले, तेव्हा तिचे पती शेजारीच मान खाली घालून बसले होते. घरच्यांनी दृष्ट काढून, अंगारा लावून पाहिला होता. मीही चुकलोच, "नीट पाहा, हेच तुमचे मालक," असे समजावत बसलो. परिणामी तिचा माझ्यावरचाही विश्वास उडाला.

पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या तोतयाला पुष्कळांनी खरा मानले. येथे खराच माणूस तोतया ठरतो. जोसेफ कापग्रा व रेबूल-लाशो या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ साली या भ्रमाचे वर्णन केले. चेहरा ओळखू येतो, परंतु त्यासोबतची आपुलकी मनात उमटत नाही, अशी याची एक उपपत्ती आहे. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी अभ्यासलेला एक अपघातग्रस्त तरुण समोरच्या वडिलांना तोतया म्हणे. दूरध्वनीवर मात्र त्यांना ओळखत असे.

हा भ्रम दुर्मीळ खरा, पण त्याची मुळे दुर्मीळ नाहीत: स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, डोक्याची इजा. म्हणून धोका कमी करावयाचा तो मुळाशीच. दुचाकीवर हेल्मेट घालावे. मानसिक आजाराची औषधे परस्पर बंद करू नयेत. वृद्धाला भ्रम अचानक झाल्यास जंतुसंसर्ग, रक्तातील साखर व सोडियम, थायरॉइड, बी-१२, मद्य आणि चालू औषधे तपासावीत. लेवी बॉडी स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉलसारखी औषधे घातक ठरू शकतात, हे आपण समव्यवसायींनी विसरू नये. "त्या माणसाची भीती वाटते का?" हेही विचारावे, कारण 'तोतया'वर हल्ला होऊ शकतो. विळा-कुऱ्हाड नजरेआड ठेवावी. मार्गदर्शनासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

त्या वृद्धेला तिन्हीसांजेला अंगणात नसलेली मुले दिसत, चालही मंदावली होती. मेंदूविकारतज्ज्ञांनी लेवी बॉडी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. घरच्यांनी वाद थांबवला. मी तिच्या पतींना एक साधी युक्ती सुचवली. आता ते बाहेरून आले की थेट समोर जात नाहीत. ओसरीवरूनच तिला नावाने हाक मारतात, दोन शब्द बोलतात आणि मग आत जातात. बहुतेक वेळा ती आवाज ओळखते. एखाद्या दिवशी ओळखत नाही. त्या दिवशी ते ओसरीवरच बसून राहतात.