आंतड्याच्या नव्या पिशवीसह दैनंदिन जीवन



आजचा विषय चारचौघांत उच्चारण्याची आपल्याकडे रीत नाहीं. परंतु ज्या गोष्टीसाठीं एखाद्याला दिवसांतून सहा-सात वेळां उठावें लागतें, तिच्याविषयीं मौन पाळल्यानें त्याची लाज राखली जात नाहीं. त्याचा त्रास मात्र वाढतो. मोठें आंतडें काढल्यावर लहान आंतड्याची नवी पिशवी घेऊन जगणाऱ्या माणसानें ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडील धांवपळींत आपला दिवस कसा बसवावा, हें आज सांगावयाचें आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस नांवाच्या विकारांत मोठ्या आंतड्याच्या अस्तरास व्रण पडतात, शौचावाटे रक्त जातें आणि घाई अशी होते कीं क्षणभरही धीर धरवत नाहीं. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनीं २०२० सालीं याच विकारानें उचल खाल्ल्यामुळें पद सोडलें. पुष्कळांचें औषधांनीं भागतें. ज्यांचें भागत नाहीं, किंवा ज्यांच्या आंतड्यांत कर्करोगाचीं चिन्हें दिसूं लागतात, त्यांचें मोठें आंतडें व गुदाशय काढावा लागतो. पूर्वी अशा रोग्याला पोटावरील छिद्रास लावलेली पिशवी बहुधा जन्मभर बाळगावी लागे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील सर अ‍ॅलन पार्क्स आणि त्यांचे सहकारी निकल्स यांनीं १९७८ सालीं लहान आंतड्याच्या शेवटच्या भागाचीच पिशवी करून ती गुदद्वाराशीं जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८० सालीं जपानी शल्यवैद्य उत्सुनोमिया यांनीं तिला इंग्रजी ‘जे’ अक्षराचा सोपा आकार दिला. म्हणून तिला जे-पाऊच म्हणतात.

आंतड्याचें टोंक आंकड्यासारखें दुमडलें कीं १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या दोन नळ्या शेजारीं शेजारीं येतात. मधली भिंत उघडून त्या दोहोंचा एक कोठा करतात. जोड भरून येईपर्यंत बहुधा दोन-तीन महिने मल पोटावरील तात्पुरत्या छिद्रांतून वळवितात; मग तें छिद्र बंद करतात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. गुदद्वार मिटून धरणारे स्नायू या शस्त्रक्रियेंत राखलेले असतात. दार जुनेंच असतें. कोठार मात्र नवें आणि लहान. शिवाय मोठें आंतडें रोज एक लिटरहून अधिक पाणी शोषून घेत असे, तें काम आतां बव्हंशीं थांबलेलें असतें. त्यामुळें मल इडलीच्या पिठासारखा सैल राहतो. आरंभीं दिवसांतून दहा-पंधरा वेळां जावें लागतें. पुढें कोठा हळूहळू ताणला जातो आणि वर्षभरांत बहुतेकांच्या खेपा पांच ते आठांवर येतात. त्यांतली एखादी रात्रीची. खेपा मोजून पुष्कळ रोगी निराश होतात. त्यांनीं हें पाहावें कीं पूर्वी खेपाही होत्या आणि घाईही होती. आतां खेपा उरल्या, पण घाई बव्हंशीं गेली. कळ आल्यावर पाव-अर्धा तास थांबणें बहुतेकांना साधतें. गुदद्वार आंत ओढून धरून सैल सोडण्याचा व्यायाम वैद्याकडून शिकून नित्य करावा. झोपेंत स्नायू सैलावतात, म्हणून रात्रीं थोडी गळती होऊं शकते. आरंभीं कांहीं दिवस पॅड घेऊन निजण्यांत कमीपणा मानूं नये.

आहाराचें पथ्य प्रत्येकाचें थोडें निराळें असतें. तरी मऊ भात, केळें, बटाटा यांनीं मल घट्ट होण्यास साह्य होतें. तिखटानें दाह होतो. शेंगदाणे, मका, कच्च्या कोशिंबिरी आरंभीं टाळाव्या व पुढें बारीक चावून खाव्या. रात्रीचें जेवण लवकर आटोपलें तर झोपमोड कमी होते. इसबगोल किंवा लोपेरामाइड घ्यावयाचें तें वैद्याच्या सल्ल्यानें. वारंवार धुण्यानें कातडी सोलवटते, यासाठीं घासून न पुसतां हलकेंच टिपून कोरडी करावी आणि झिंक ऑक्साइडचें मलम लावावें.

आतां प्रवासाकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली उतारूंची गाडी ठाण्यास आली. आज कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हें सुमारें ५४ किलोमीटरांचें अंतर लोकलला तासाहून अधिक पुरतें, आणि लोकलमध्यें शौचालय नसतें. या भीतीनें कित्येकजण सकाळपासून अन्नपाणी वर्ज्य करतात. हा उपाय घातक आहे. आंतड्यांत पाचकरस पाझरतच राहतात, म्हणून उपाशीपोटींही कोठा भरतो. वर वायु अधिक धरतो. पाणी आणि मीठ तर आधींच अधिक जात असतें. त्यांत पिणें सोडलें कीं थकवा येतो, पायांत गोळे येतात, मूत्रखड्यांचा संभव वाढतो. मीठ घातलेली पेज किंवा ओआरएसचें पाणी थोडें थोडें दिवसभर घ्यावें. घरून निघण्यापूर्वीं कळ नसली तरी एकदां जाऊन यावें. आरंभीचे कांहीं महिने जलद गाडीपेक्षां धीमी गाडी बरी. ती प्रत्येक स्थानकावर थांबते, आणि पास असला म्हणजे मध्येंच उतरून पुढची गाडी धरतां येते. वाटेवरील कोणत्या स्थानकावर शौचालय कोठें आहे तें एकदां पाहून ठेवावें. पिशवींत मलम, पाण्याची बाटली आणि एक जोडी कपडे असले कीं निम्मी भीति ओसरते.

कांहीं लक्षणें मात्र अंगावर काढूं नयेत. खेपा एकाएकीं वाढल्या, पोटांत कळा आल्या, ताप किंवा रक्त दिसलें, तर कोठ्यास सूज आली असण्याचा संभव असतो. ही सूज सुमारें निम्म्या लोकांना केव्हां ना केव्हां येते आणि बहुधा औषधांनीं बरी होते. पोट फुगून वांत्या होऊं लागल्या व मल आणि वायु दोन्ही अडले, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. सर्व ठीक असलें तरी शल्यवैद्य सांगतील त्या मुदतीनें तपासणी करून घ्यावी.

उरलेलें काम रोग्याचें नसून आपलें आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यानें २००५ सालीं कायदा करून अशा विकारांच्या माणसांना दुकानांतील नोकरांचें शौचालय वापरण्याची मुभा दिली. मुंबईंत २०११ सालीं स्त्रियांच्या संघटनांनीं ‘राइट टू पी’ ही चळवळ उभारली. परंतु कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. वर्गांत बोट वर करणाऱ्या मुलास शिक्षकानें कारण न विचारतां जाऊं द्यावें. कचेरींतील वरिष्ठानें अशा माणसाची खुर्ची शौचालयाजवळ ठेवावी आणि त्याच्या खेपा मोजूं नयेत. एकच शौचालय असलेल्या बिऱ्हाडांत, किंवा सामाईक शौचालयाच्या चाळींत, त्याला रांगेंत उभें न करतां पुढें जाऊं द्यावें. शस्त्रक्रियेनें त्याला पाव-अर्ध्या तासाचा अवधि मिळवून दिला आहे. तेवढ्या अवधींत त्याला दार उघडें मिळावें, इतकी सोय आपल्याला बिनखर्चानें करतां येण्याजोगी आहे.